बंबापाशी डावीकडे

आमच्या शेजारच्या बर्वेकाकांनी फोनवर वाट सांगितली की माणूस हमखास चुकायचा. "हे बघा, कळस दिसला की उजवीकडे. बंबापाशी डावीकडे. कचेरी लागली तर पुढे आलात, मागे फिरा. पाराच्या मागे आम्ही!" नागपूरहून नुकताच आलेला एक विद्यार्थी आमच्या अमेरिकेतल्या श्रूजबरीत बराच वेळ आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब शोधत हिंडला होता. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. वाट सांगायला फोनशिवाय काही नव्हतं.

कळस म्हणजे चर्चचा पांढरा मनोरा, बंब म्हणजे फायर स्टेशन, कचेरी म्हणजे टाउन हॉल आणि पार म्हणजे गावच्या हिरवळीवरचा म्हातारा मेपल. कुणी "टाउन हॉल" म्हटलं की काका कडाडायचे, "नाव नीट घ्या!" लायब्ररीतल्या गोऱ्या बाईंनाही त्यांनी कचेरी म्हणायला शिकवलं होतं. त्या "काचरी" म्हणायच्या, आणि काका ते चारचौघांत मिरवायचे. तोरा असा, की मॅसॅच्युसेट्समधलं हे गाव यांच्याच आजोबांनी वसवलंय!

नावं मात्र सुमतीकाकूंनी ठेवलेली. नव्यानं आल्या तेव्हा इंग्रजी पाट्यांशी त्यांचं जमेना, म्हणून त्यांनी अख्ख्या गावाचं बारसं केलं. काका त्यांना कायम "आमची ही" म्हणायचे. एकदा गणपतीच्या जेवणात बायकांनी काकांकडे उखाण्याचा आग्रह धरला, तर गडी दूध संपल्याचं सांगून गाडी काढून पसार झाला. पुढे काकू गेल्या. कळस, बंब, कचेरी यांचा गजर त्यानंतर वाढलाच.

मग काका घर विकून ओहायोला, मुलाकडे कायमचे निघाले. निरोपाला आमच्याकडे जेवायला आले आणि आमटीची वाटी हातात धरून म्हणाले,

"मी गेलो की ही नावं कोण घेणार हो? पोरं टाउन हॉलच म्हणणार."

तेवढ्यात फोन वाजला. दुसरे पाहुणे वाट चुकून रस्त्यावरच्या बूथवरून बोलत होते. फोन घेतला आमच्या नेहानं. मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी पोरगी ती.

"ओके काका, यू सी द कळस? टेक अ राइट. देन बंबापाशी लेफ्ट... नो, नो, नॉट फायर स्टेशन. बंब! नाव नीट घ्या!"

काकांनी आमटीची वाटी खाली ठेवली. डोळे भरले होते, पण मान ताठ होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

"आमच्या सुमतीनं ठेवलंय ते नाव."