रांजणाची वाटणी

गावातली भांडणं संपली आणि मल्हारीआबांची पंचाईत झाली.

पाटसजवळच्या बोरमळा गावच्या तंटामुक्ती समितीचे आबा अध्यक्ष. मिटलेल्या तंट्यांवर गुण, गुणांवर बक्षीस आणि बक्षिसाबरोबर फेटा बांधून पेपरात फोटो. दोन वर्षांत आबांनी बांध मिटवले, पाट मिटवले, सासवा-सुना मिटवल्या. एका म्हशीचा तंटा तर त्यांनी तीनदा मिटवला. नोंदवहीत नव्व्याण्णव झाले, पण शंभरावा काही मिळेना. तपासणीला पंधरा दिवस उरले होते, आणि गाव मेलं नेमकं आत्ताच गुण्यागोविंदानं नांदायला लागलं होतं.

म्हणून आबा सुभानच्या दुकानात आले.

सुभान टीव्ही दुरुस्त करायचा. कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला जाणारा ज्योतिबा सुट्टीला त्याच्याकडंच पडीक असायचा. दोघं पहिलीपासूनचे दोस्त. दोन वर्षं खपून त्यांनी एक पेटी बनवली होती. आत जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क, मागं डिशची वायर, खाली ट्रॅक्टरची बॅटरी. संध्याकाळी लोडशेडिंगमध्ये सगळं गाव अंधारात बसलं तरी ही पेटी मुकाट्यानं मालिका भरून ठेवायची. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज आली की बायका दुकानात जमून कालचं रडणं आज रडायच्या. पाण्यासारखी मालिका साठवते म्हणून गावानं तिचं नाव ठेवलं रांजण.

आबा आले तेव्हा दोघं रांजणाला लग्नाच्या शूटिंगचा जुना कॅमेरा जोडून बघत होते. चालतोय की नाही, एवढंच बघायचं होतं.

"तुम्ही दोघं भांडा," आबा म्हणाले.

"आँ?"

"भांडा. मी मिटवतो. माझे शंभर पुरे व्हत्यात."

ज्योतिबा खो-खो हसला. "सुभानशी? आबा, आमचं डोकं एक आन् हात चार हायेत. भांडायचं कुणी कुणाशी?"

"खोटं खोटं रं! ह्या पेटीवरनं भांडा. ही कुणी काढली म्हणून."

"त्याला कंपनीत पेटंटचा वाद म्हणत्यात," ज्योतिबानं हौसेनं माहिती पुरवली. अंगाशी आलं ते हेच.

"पेटंट!" आबांचे डोळे लकाकले. "जिल्ह्यात कुणाकडं न्हाई असला तंटा. बांध काय, समद्यांकडंच हायेत. अर्ज लिव्हा. आन् जरा झोंबंल असं लिव्हा, तपासणीवाले काय खुळे न्हाईत."

सुभाननं तिथंच कागद ओढला आणि न थांबता लिहून काढलं, 'रांजण मी एकट्याने बनवला. ज्योतिबा फक्त बॅटरी उचलायला होता.'

ज्योतिबानं वाचलं. हसू जरा कमी झालं. "लगीच सुचलं रं तुला."

"खोटंच लिव्हायचं हाय ना, लेका?"

"व्हय व्हय, खोटंच." मग त्यानं आपला अर्ज लिहिला, 'डोके माझे. सुभानला फक्त सोल्डरिंगचा डाग मारता येतो, तोही दोनदा मारावा लागतो.'

सुभानच्या कानाच्या पाळ्या तापल्या. डाग दोनदा मारावा लागतो हे खरं होतं, आणि खोट्या भांडणात खरं बोलायचं नसतं एवढी तरी अक्कल माणसाला असावी!

"दोनदा कवा मारला मी?"

"परवा. त्याच्या आदल्या आठवड्यातबी."

"आन् बॅटरी उलटी जोडून वायर कुणी जाळली?"

"छान, छान," आबा म्हणाले. "अगदी खऱ्यावानी वाटतंय." आणि दोन्ही अर्ज खिशात घालून ते आनंदानं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ज्योतिबा आला तो थेट बॅटरीकडं वळला. "आपुन उचलायलाच हुतो न्हवं? मग उचलून नेतो." आणि खरंच घेऊन गेला. सुभाननंही पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. रांजण कोरडा पडला.

बोरमळ्यात हाहाकार झाला. मालिकेतल्या सासूनं विषाचा पेला ओठाला लावला होता आणि पुढं काय झालं ते कुणालाच कळेना. सुभानच्या घरी रजियानं भाकरी आदळली.

"दहा दिवस झाले, ती बाई पेला धरून बसलीय. मेली का न्हाई ते तरी सांगा!"

"माझ्या हातात न्हाई."

"मग कुणाच्या हातात हाय? जा की ज्योतिबाभावजींकडं. तोंड शिवलंय का तुमचं?"

तोंड नाही, पण पाय शिवल्यासारखे झाले होते. सुभान रोज सवयीनं दोन कप चहा सांगायचा आणि एक समोर गार होताना बघत बसायचा. त्याला फार वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त राग येत होता. एवढ्या वर्षांत ज्योतिबा मनातल्या मनात डाग मोजत बसला होता की काय?

तिकडं आबांची झोप उडाली. खोटा तंटा मिटवायला एक सही लागते. हा तर खरा निघाला! तपासणी दोन दिवसांवर आली तेव्हा त्यांनी चावडीवर पंच बसवले. पंचांना पेटंट ठाऊक नव्हतं, पण सामाईक विहीर ठाऊक होती. भाऊ-भाऊ एका विहिरीवर भांडले की काय करायचं याचा निवाडा त्यांना तोंडपाठ होता, आणि त्यांनी तोच दिला.

"पेटी सामाईक," आबांनी वाचून दाखवलं. "चालू करायचा हक्क सुभानचा. बंद करायचा हक्क ज्योतिबाचा. एकानं दुसऱ्याच्या हक्कात हात घालायचा न्हाई. म्हंजी दोघंबी हजर ऱ्हात्याल."

दोघांनी एकमेकांकडं न बघता सह्या केल्या. तंटा नंबर शंभर मिटला. मिटला म्हणजे वहीत मिटला. सुभान उत्तरेच्या दारानं गेला आणि ज्योतिबा दक्षिणेच्या.

तपासणीला शिरूरकडून समिती आली. तिच्या प्रमुख सिंधूबाई. त्यांच्या गावाला गेल्याच वर्षी बक्षीस मिळालेलं, त्यामुळं बाईंच्या चालण्यातच फेटा होता. नव्व्याण्णव तंटे त्यांनी जांभया देत ऐकले. शंभराव्याला त्या सावरून बसल्या.

"पेटंटचा तंटा? कुठं हाय ती पेटी? चालवून दाखवा की."

चावडीत टीव्ही मांडला. सुभाननं रांजणाचं कुलूप काढलं; त्या दिवशीचा कॅमेरा त्याला तसाच जोडलेला होता. ज्योतिबानं बॅटरी आणून ठेवली. अख्खा गाव लोटला, बायका तर सासूचं काय झालं ते बघायला पुढंच येऊन बसल्या. सुभाननं हक्कानं बटण दाबलं.

पण दोन आठवड्यांत रांजणात नवीन काही भरलंच नव्हतं. सगळ्यात शेवटचं जे भरलं होतं तेच वर आलं. पडद्यावर सुभानचं दुकान दिसलं आणि दारातून आबा आत आले.

"तुम्ही दोघं भांडा," पडद्यावरचे आबा म्हणाले.

खऱ्या आबांचा चेहरा पांढराफटक पडला. "बंद कर! सुभान, बंद कर!"

"मला हक्क न्हाई, आबा. तुमचीच सही हाय."

"ज्योतिबा, तू कर रं बाबा!"

ज्योतिबा जागचा हलला नाही. पडद्यावर त्याचंच हसणं चाललं होतं. 'आमचं डोकं एक आन् हात चार हायेत. भांडायचं कुणी कुणाशी?' सुभाननं मान खाली घातली. ज्योतिबानं नाक पुसलं.

"आता कटतंय आपलं बक्षीस," कुणीतरी मागून म्हणालं.

सिंधूबाई उठल्या. त्यांचं तोंड रागानं लाल झालं होतं. आबांनी हात जोडले.

"बाई, चूक झाली. खोटा तंटा..."

"खोट्याचं काय न्हाई हो!" बाई कडाडल्या. "भांडण लावून मिटवायची ही आयडिया आमची हाय! गेल्या वर्षी मी काढली. तुम्हाला कुणी सांगितली ती बोला आधी!"

आबांचे जोडलेले हात सुटले. "तुमची? म्हशीचा तंटा मी दीड वर्षामागं असाच लावून मिटवलाय! वहीत तारीख हाय!"

"वही नंतरबी लिव्हता येती. आम्ही लिव्हलीय!"

"मंग तुम्ही चोरलीय माझी!"

"जीभ आवरा, अध्यक्ष!"

चावडी दणाणली. बायका सासूला विसरून पदर खोचून बघायला लागल्या. सुभाननं न बघताच हात मागं केला. त्या हातात कॅमेऱ्याची वायर आधीच येऊन पडली होती.

"डाग सुटलाय हिचा," ज्योतिबा कुजबुजला.

"माहीत हाय. दाबून धर."

ज्योतिबानं दाबून धरली. सुभाननं रेकॉर्डिंग चालू केलं. एका डोक्याचे चार हात पुन्हा कामाला लागले.

"बंद करा ती पेटी!" आबा आणि सिंधूबाई एकाच सुरात ओरडले.

"हक्क माझा हाय," ज्योतिबा म्हणाला. "आज वापरायचा इचार न्हाई."

थोड्या वेळानं सुभाननं हळूच विचारलं, "मग रांजणाचं पेटंट कुणाच्या नावावर करायचं?"

"आधी ह्यांचं मिटू दे," ज्योतिबा म्हणाला. "न्हाईच मिटलं, तर अर्ज घेऊ दोघांकडनं. जरा झोंबंल असा लिव्हा म्हणावं."