स्टॉपवॉच हस्तगत जाहले त्याची हकीकत

ईश्वरकृपेने व कडक कॉफीचे बळावर लिहिण्यात येते की, नॉर्थ कॅरोलायनाचे डोंगरमुलखी विद्यापीठाने एक प्राथमिक शाळा आपले अमलाखाली घेतली, आणि आसपासच्या खालावलेल्या शाळांतील मुले तेथे आणोन बसविली, आणि ती का मागे पडली याचा ठाव घेण्यास प्राध्यापकांची फौज रवाना केली. फौजेचे सरनोबत डॉक्टर व्हिटकर ओकली, वाचनशास्त्री थोर, दिलाचे चांगले, फक्त मोजल्यावाचून त्यांस चैन पडत नसे. समागमे चार शिकाऊ शिक्षक.

दुसरे इयत्तेत झनाया पेटिफोर्ड नामे कन्या, वय आठ. जुन्या शाळेत वाचताना अडखळली आणि वर्ग हसला, तेव्हापासोन मोठ्याने अक्षर उच्चारीना. मे अखेर एक पान वाचोन न दाखविल्यास तीच इयत्ता पुन्हा, आणि मैत्रिणी पुढे जाणार, ऐसा बाका प्रसंग. मग डॉक्टरांनी मोर्चे बांधिले, पाचही जण तिजभोवती बसले, आणि स्टॉपवॉच दाबिले, आणि पोरीने तोंड मिटले. दुसरे दिवशी रंगीत खुर्च्या आणविल्या, तोंड मिटलेलेच. मग मसलत होऊन ठरले की पोरीवर दडपण येते, सबब दडपण किती येते ते पाहण्यास सहावा निरीक्षक नेमिला.

शुक्रवारी जेवणघरी वाढपीण मिस अर्लीन यांनी झनायास पदार्थांची नावे लिहिलेल्या पाटीसमोर उभे केले.

“पोरी, चष्मा सापडेना माझा. आज काय काय आहे ते वाच बघू.”

“मिस अर्लीन, तो तुमच्या डोक्यावर आहे.”

“असू दे. त्याला भूक नाही लागलेली, मागे रांगेला लागलीय. वाच!”

झनायाने मागे पाहिले, आणि वाचिले, “चिकन. ग्रेव्ही. बिस्किटं. पीच कॉ... कॉब... कॉबलर.”

कोणी हसले नाही. मागोन इतकेच आले, “कॉबलरचं गोड उरेल ना आमच्यापर्यंत?”

कोपऱ्यात शिकाऊ शिक्षकांसमवेत जेवीत बसलेले डॉक्टर तोंडातील बिस्किटासह उठले, खिसे चाचपले, तो स्टॉपवॉच वर्गात राहिलेले. ते आणविले आणि हुकूम जाहला की, मोजणी नाही सबब वाचन मंजूर नाही, पुन्हा वाचावे.

झनायाने हात पुढे केला. “आधी तुम्ही वाचा. वेळ मी लावते.”

मग सरनोबत स्टॉपवॉच तिचे हाती देऊन पाटीसमोर उभे राहिले, आणि सारे जेवणघर पाहू लागले, आणि शिकाऊ शिक्षकांनी सवयीने पेन्सिली उचलिल्या, आणि कळ दाबिली गेली, आणि वाचनशास्त्री ‘ग्रेव्ही’पाशी अडकले ते हलेनात. कान लाल जाहले.

झनाया हळूच म्हणाली, “सावकाश वाचा, डॉक्टर. इथे कुणी हसत नाही.”

 सोमवारी डॉक्टरांनी निरीक्षक वर्गाबाहेर काढिले, खुर्च्या परत गेल्या, आणि झनायाने मिस अर्लीनच्या ओट्यापाशी उभे राहोन पुरते पान वाचिले. डॉक्टर दारात रिकाम्या हाती उभे होते, डोळे पुसत.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. झनाया पेटिफोर्ड तिसरे इयत्तेत दाखल. स्टॉपवॉच तिचेच खिशात कायम. पान वाचण्यास किती वेळ लागला, ते कोणी लिहोन ठेविले नाही.