गोगटेकाकांचं टेकाड

टेकाडापाशी पोचलं की गोगटेकाका बूट काढत. यॉर्कशरच्या जानेवारीत, गोठलेल्या गवतावर, मोजेसुद्धा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हबकलेच.

काका लीड्सच्या आमच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, मी तिथली नवी डॉक्टर. त्यांना गाडी येत नसे, म्हणून दर रविवारी सारथ्य माझ्याकडे. टेकाड म्हणजे शेतातला गवताळ उंचवटा, आत हजारो वर्षांपूर्वीची माणसं पुरलेली. काका त्याला प्रदक्षिणा घालत आणि म्हणत, “पेशंट स्टेबल आहे. झोपलेल्याला हलवायचं नाही.” ऑपरेशन थिएटरमध्येही हेच पालुपद. टेकाडावर बसलेल्या एका धिप्पाड साहेबाला त्यांनी सँडविचसकट खाली उतरवलं होतं.

अठ्ठ्याऐंशी साली कौन्सिलने तिथून रस्ता काढायचं ठरवलं. काकांनी पत्रांचा सपाटा लावला. “टेक्सासमध्ये कॅडो आदिवासींची टेकाडं सरकार जपतं, तुम्हाला काय धाड भरलीय?” टाइप करताना हे मी जरा सौम्य केलं. दोन वर्षांनी कौन्सिल नमलं. रस्ता वळला, टेकाड वाचलं.

मी पेढे घेऊन गेले, तर काका पांढरेफटक.

“सोमवारी आर्किऑलॉजिस्ट येतायत. कडेने खणून बघणार म्हणे.”

“चांगलंच की, काका.”

“सुमन आहे तिथे.”

सुमनकाकू म्हणजे त्यांची बायको. मी लीड्सला येण्याआधीच वारली. अस्थी नाशिकला नेल्या, असंच अख्खं मराठी मंडळ समजून होतं. मी पेढ्यांचा डबा बाजूला ठेवला.

“पाण्याला फार भ्यायची गं,” काका म्हणाले. “बाथटबमध्ये कधी पाय टाकला नाही. तिला नदीत कशी सोडू? इथे निदान सोबत होती.”

रविवारी आम्ही गेलो. काकांनी बूट काढले, मीही काढले. ज्या माणसाने दोन वर्षं तिथे कुदळ लागू दिली नाही, तो स्वयंपाकघरातल्या कालथ्याने माती उकरत होता. मला बघवेना.

“सॉरी हं, सुमन. ते लोक गेले की परत आणतो,” ते पुटपुटत होते.

कलश निघाला. काकांनी तो मफलरमध्ये गुंडाळला, मांडीवर घेतला आणि सीटबेल्ट दोघांवरून ओढला.

“पुलावर जरा वेगात ने,” ते म्हणाले. “खाली नदी आहे.”