तीस पेपरांतलं इडलीपात्र

मुग्धा, कल्लाप्पा आणि प्रियदर्शनी यांच्या अभ्यासाचा एक नियम होता. ज्याला जो धडा सगळ्यांत कमी कळतो, तो त्यानेच बाकीच्या दोघांना शिकवायचा. नियम कल्लाप्पाचा. निपाणीकडचा हा गडी म्हणायचा, "येतंय ते कुणीबी शिकवतंय. येत नाही ते शिकवून दाखवा की!" त्यामुळे एम.एस्सी.च्या अ‍ॅडव्हान्स्ड केमिस्ट्रीतला रेणूंच्या सममितीचा धडा आपोआप मुग्धाच्या गळ्यात पडला. गेल्या वर्षी याच पेपरात तिची दांडी गुल झाली होती. यंदाही झाली, तर बेंगळुरूतला गाशा गुंडाळून पुण्याला परत ये, असं बाबांनी तिला स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं.

मुग्धाने मान मोडून नोट्स काढल्या. प्रियदर्शनीला त्या इतक्या आवडल्या की तिने त्या आपल्या मोत्यासारख्या अक्षरात उतरवल्या, लाल-हिरव्या चौकटी आखल्या आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकल्या. प्रियदर्शनी म्हणजे वर्गात कायम पहिली. दोन दिवसांत सगळ्या वर्गाने त्या नोट्स पाठ केल्या. मुग्धाला मनातून फार बरं वाटलं. नापास झालेल्या माणसाचं लिहिलेलं कुणी पाठ करावं, असा योग काही रोज येत नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी बसवनगुडीतल्या आपल्या खोलीत ती उजळणी करत बसली होती, आणि एकाएकी तिचं बोट एका ओळीवर थबकलं. इथेनच्या रेणूची दोन रूपं असतात. एकात दोन्ही टोकांचे तीन-तीन हायड्रोजन अगदी समोरासमोर येतात, दुसऱ्यात ते एकाआड एक बसतात. पहिल्याच्या मधोमध आरसा धरता येतो, दुसऱ्याच्या नाही. मुग्धाने नेमकं उलटं लिहिलं होतं.

तिने ताबडतोब ग्रुपवर चूक कबूल केली. लगेच उत्तर आलं, "प्रियदर्शनीच्या नोट्समध्ये तर असं नाहीये." तिने पुस्तकाच्या पानाचा फोटो टाकला. त्यावर आलं, "आवृत्ती जुनी असेल." शेवटी तिने कल्लाप्पाला फोन लावला.

"उगंच घाबरायलीस बघ," तो म्हणाला. "नोट्समध्ये बघ की एकदा."

"अरे, त्या नोट्स माझ्याच आहेत!"

"होत्या. आता त्या प्रियदर्शनीच्या अक्षरात हायेत."

मग तिने प्रियदर्शनीला फोन लावला. तिच्या घरच्या तीन पिढ्या याच निवांत शहरात गेलेल्या, त्यामुळे तिचा रागही शांत असे. ती म्हणाली, "सरी, ठीक आहे, मुग्धा. पण कालच्या मुग्धावर विश्वास ठेवू की आजच्या?"

चूक सुबक अक्षरात बसली की तिला बाहेर काढायला लिहिणाराही पुरा पडत नाही, हे मुग्धाला त्या दिवशी कळलं. आपण बुडालो असतो तर एक वेळ चाललं असतं, पण तीस जणांना घेऊन बुडायचं, या विचाराने तिला रडू फुटायला आलं. पाणी प्यायला ती स्वयंपाकघरात गेली, तर घरमालकीण कृष्णाबाईंनी ओट्यावर इडलीपात्र धुऊन पालथं घातलं होतं. तीन-तीन खळग्यांच्या ताटल्या. मुग्धा बघतच राहिली.

"अक्का, यातल्या दोन ताटल्या नेऊ? कॉलेजात?"

"कॉलेजात इडल्या करतेस?" कृष्णाबाई म्हणाल्या. "ने, पण संध्याकाळी आण. घासून आण."

दिवसभर मुग्धा लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून होती. येईल त्याला थांबवून ती सांगत होती, "ही ताटली खाली, ही तिच्यावर पालथी. खळग्यासमोर खळगा. आता मधे आरसा धर, खालचं वर दिसतं की नाही? आता वरची जरा फिरव. गेला आरसा!" पहिल्यांदा लोक हसले, मग वाकून बघू लागले, मग स्वतःच ताटली फिरवू लागले. कल्लाप्पा तर ताटली सोडेचना. सातव्या खेपेला मुग्धाच्या ध्यानात आलं, की आता आपण आठवून बोलत नाही, दिसतंय ते बोलतोय. तिला इतका आनंद झाला की आठव्या खेपेला तिने गिऱ्हाईक स्वतः ओढून आणलं.

पेपरात तो प्रश्न आला. दहा मार्कांना.

आठ दिवसांनी हा विषय शिकवणाऱ्या उपेंद्र सरांनी मुग्धाला खोलीत बोलावलं. सर मूळचे धारवाडचे, मराठी मुलांशी मराठीतच बोलत. त्यांच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता.

"एकतीस पेपर. तिसांत इडलीपात्र!" सर म्हणाले. "एकाने तर शेजारी चटणी काढलीय. ही सरळसरळ सामुदायिक कॉपी. हे तीसही पेपर मी रद्द करणार. इडली नाही ती फक्त तुझ्या पेपरात. तू एकटी प्रामाणिक. सांग, हे कुणाचं काम?"

मुग्धाने सरांच्या धाकाने सगळं पुस्तकी भाषेत लिहिलं होतं. आता नुसतं गप्प बसलं की ती पास होती, आणि पुणंही टळलं होतं. तिला मोह झाला. पण ताटली न सोडणारा कल्लाप्पा तिच्या डोळ्यांसमोर आला.

"माझं, सर. मीच सगळ्यांना शिकवलं."

"तू? तू तर गेल्या वर्षी याच पेपरात नापास झालीस."

"हो, सर. म्हणून तर मला पुन्हा शिकावं लागलं."

"असं? मग मला शिकव बघू."

मुग्धाने दोन्ही हातांची तीन-तीन बोटं टोकाला टोक लावून धरली. मधे आरसा कुठे बसतो ते दाखवलं. मग एक हात जरासा फिरवला. सर आधी कपाळाला आठ्या घालून पाहत होते. थोड्या वेळाने त्यांनीही आपली बोटं पुढे केली, जुळवली आणि फिरवली. मग उठले, बाहेर कुणी नाही ना ते पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

"पंचवीस वर्षं शिकवतोय मी हे," ते हळूच म्हणाले. "दर वर्षी वर्गात जायच्या आधी पाठ करून जातो."

सर पुन्हा खुर्चीत बसले, पेपरांचा गठ्ठा त्यांनी बाजूला सारला आणि बोटं पुढे धरली.

"हं. परत सांग. पण स्वल्प सावकाश."