नाईकबाईंचा जांभळा नकाशा

नाईकबाईंच्या फ्रीजमधला श्रीखंडाचा डबा कुणी उघडायचा नाही, हा आमच्या सोसायटीचा अलिखित नियम आहे. मी सेक्रेटरी असून तो मोडला. गळतीची तक्रार बघायला गेलो होतो. बाई म्हणाल्या, "गार पाणी घ्या फ्रीजमधून." पाण्याच्या बाटलीशेजारी डबा दिसला. झाकण काढलं, तर आत खाडीचा काळाकुट्ट चिखल. तेव्हापासून मी श्रीखंड सोडलं आहे.

"बंद करा," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्याचा खारेपणा मोजायचाय अजून."

बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि कोपरखैरण्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायला आल्या. निवृत्त माणसं खाडीकाठी फिरायला जातात. या गुडघाभर बूट घालून थेट खाडीत उतरतात. कुठे चिखल मऊ, कुठे पाणी खारं, कुठे तिवरांची सावली, सगळं टिपून कॉम्प्युटरला भरवतात. कुठला मासा कुठे कुठे सापडला होता, तेही भरवतात. मग कॉम्प्युटर तशाच बाकीच्या जागा जांभळ्या रंगवून देतो. जांभळा जितका गडद, तितका तिथे तो मासा असायची शक्यता जास्त.

"मासा शोधायचा नसतो, सेक्रेटरी. त्याला राहायला काय लागतं ते शोधायचं. जागा जुळली की जीव येतोच."

हे शास्त्र त्या माशांपुरतं ठेवतील तर शपथ. एकदा वॉचमन गायब झाला. मी गेटवर ओरडत होतो. बाईंनी वरूनच विचारलं, "सावली, वारा आणि मोबाईल चार्जिंग एकत्र कुठे आहे?" वॉचमन पंपरूममध्ये घोरत होता. माझ्या भाच्याला मुलगी सांगून आली, तेव्हा पत्रिका बाजूला सारून म्हणाल्या, "मुलीला उजेड लागतो. तुमच्या भाच्याचा तळमजला. जागा जुळत नाही." लग्न झालं, पण भाच्याला घर बदलावं लागलं.

तर सोसायटीमागच्या खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या दलदलीत, भराव टाकून पार्किंग करायचं ठरत आलं, तेव्हा बाई आडव्या येणार हे सांगायला नकाशा लागत नव्हता. पार्किंगसाठी सगळ्यात जास्त धावपळ माझी. जिन्याजवळची सावलीतली एकमेव जागा मी सेक्रेटरीपणाच्या जोरावर बळकावली होती आणि त्यावरून रोज टोमणे खात होतो. नवं पार्किंग झालं की सगळ्यांची तोंडं बंद होणार होती.

बाईंनी मीटिंगमध्ये नकाशा उलगडला. आमच्या मागचं डबकं गडद जांभळं. "इथे जिताड्याची पिल्लं वाढतात," त्या म्हणाल्या. सगळे हसले. जिताडा म्हणजे इकडचा मानाचा मासा, पाहुण्याला वाढायचा. तो आमच्या सांडपाण्याच्या मोरीपाशी?

भरावाच्या परवानगीसाठी पाहणीला आलेले पालिकेचे साहेब डबक्याच्या काठावर म्हणाले, "मॅडम, कॉम्प्युटरने सांगितलं म्हणून मासा असतो का? दाखवा."

"दाखवते. नाही सापडला तर माझा नकाशा चुकला. खुशाल भराव टाका."

मी मनातल्या मनात गाड्या लावायला सुरुवात केली.

शेजारच्या कोळी गावातल्या दामादादांना बाईंनी पाग, म्हणजे फेकजाळं, टाकायला बोलावलं होतं. ते जाळं खांद्यावर घेऊन हसत होते. "बाय, हितं जिताडा? माज्या बापाच्या टायमाला गावायचा. आता ह्यो निस्ता गटार हाय."

पहिल्यांदा पाग टाकला, तर चप्पल आली. पुन्हा टाकला, तर थोडी कोळंबी. साहेब घड्याळ बघायला लागले. बाईंचा चेहरा उतरला. मला पार्किंग हवं होतं, तरी तो चेहरा बघवेना. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं.

"भरती लागलीय. मोरीचं गोडं पाणी खाऱ्याला मिळतं ना, तिथे मुळांच्या सावलीत टाका, दादा."

पाग पडला, हळूहळू वर आला. दामादादा वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"जिताड्याची पिल्ली," ते हलकेच म्हणाले. "डोक्यावरचा पांढरा पट्टा बगा. आमी त्याला दर्यात शोदतो, आन ह्यो माज्या घराच्या मागं."

बोटाएवढी पिल्लं जाळ्यात उसळत होती. टाळ्यांना साहेबांनीच सुरुवात केली. मी शिट्टी वाजवली. शाळेनंतर पहिल्यांदाच. पिल्लं पाण्यात सोडली, साहेबांनी भरावाचा प्रस्ताव तिथेच फेटाळला, आणि पार्किंगसाठी घसा फोडणारी सोसायटी संध्याकाळपर्यंत 'आमचा जिताडा' म्हणायला लागली. गेटवर बॅनर लागला. त्यावर जिताड्यापेक्षा माझा फोटो मोठा होता, पण ती आपली पद्धतच आहे.

पेढे घेऊन बाईंकडे गेलो. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. एकट्या बाईंच्या घरात दुसरा पलंग. चादर नुकती बदललेली, उशाशी रेडिओ, कोपऱ्यात शिवणयंत्र.

"कुणी यायचंय?"

"मंदा. माझी धाकटी बहीण. मोऱ्याला असते, उरणच्या जेट्टीजवळ. वडील गेल्यावर आमचं बिनसलं. फोन उचलत नाही." बाईंनी उशी सारखी केली. "तिला गादी कडक लागते आणि खिडकीतून पाणी दिसावं लागतं. म्हणून तर हा फ्लॅट घेतला."

"येतात कधी?"

"अजून नोंद नाही," बाई म्हणाल्या. "पण जागा जुळते."

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "येतील कशाने?"

"स्कूटरने. तिला ती उन्हात लावलेली चालत नाही. सीट तापते."

मी खाली आलो. माझी गाडी सावलीतून काढली आणि बाहेर रस्त्यावर उन्हात नेऊन लावली. वॉचमनला सांगितलं, "इथे कुणाला लावू देऊ नकोस. मलासुद्धा. मोऱ्याहून एक स्कूटर यायची आहे."

"कब, साहब?"

"नकाशात आहे," मी म्हटलं. "येईल."