करडीच्या बांधीतल्या दोन बोटी

करडी गावात मेश्राम काकाजींच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी गेलात, तर कृपा करून भिंतीतून आत शिरू नका. भिंत तुम्हाला दिसणार नाही. धान कापल्यावर उरलेल्या धसकटांत चुन्याची एक पांढरी रेघ तेवढी दिसेल. पण ती ओलांडलीत की आवाज येईल, "अरे बाबू, पाण्यात पाय ठेवून राहिला ना तू. दरवाजा मांगून आहे."

मी एकदा असाच पाण्यात पडलो. मागून फिरून दारातून आलो, तर म्हणाले, "वाक. इथं छत साडेपाच फुटांवर आहे." वर सगळं आभाळ मोकळं होतं आणि मी, शाळेत गणित शिकवणारा माणूस, भर दुपारी शेतात कमरेत वाकून चालत होतो.

त्या बांधीत चुन्याच्या दोन आकृत्या होत्या. एक सव्वीस फुटांची, दुसरी अडतीस फुटांची. गोव्यात विकायला ठेवलेल्या दोन जुन्या शिडाच्या बोटी. अशा बोटीत शेगडी, पलंग, संडास सगळं असतं आणि माणसं महिनोन्महिने समुद्रावर राहतात. काकाजींनी समुद्र पाहिला नव्हता. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यावर मोजणीचा टेप धरण्यात गेली. "फोटोचा भरोसा नाही. जमिनीवर आखून पाह्यची," असं ते कोणत्याही वस्तूबद्दल म्हणत. माझ्या लग्नासाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हाही त्यांच्या खिशात टेप होता.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. माझा कॉलेजचा फॉर्म काकाजींनी भरला. प्रवेशाच्या दिवशी ते एस्टीने माझ्यासोबत भंडाऱ्याला आले. कॉलेजच्या खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "तुम्ही मुलाचे कोण?" काकाजी ताठ उभे राहून म्हणाले, "शेजारी." ते असं म्हणाले, की त्या कारकुनाने पुढे काही विचारलं नाही.

त्यामुळे बोटींच्या इंग्रजी जाहिराती वाचून दाखवणं माझ्याकडे आलं. "नाही तं तुले शिकवलं कायले?" मोठ्या बोटीचं वाचताना मी म्हटलं, "यात सहा जण झोपू शकतात."

"कोण सहा?"

"तसं लिहिलंय, काकाजी."

"लिहिणाऱ्याले सांग, आम्ही दोघंच आहो."

हे सगळं सुरू झालं काकींमुळे. त्यांना लकवा मारला आणि डावी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, रोज चालवा, नाहीतर पाय कायमचा जाईल. काकी खाटेवरून उठेनात. "कुठी जायचं आहे मले?" एवढंच म्हणायच्या आणि भिंतीकडे तोंड करायच्या. पुढे तर बोलणंही थांबलं. काकाजी एकदा फोनवर शेतासाठी जुनं इंजिन शोधत होते. बोटाच्या चुकीने एका बोटीची जाहिरात उघडली, आतल्या खोलीच्या फोटोसकट. काकींनी चांगल्या हाताने फोन ओढून घेतला आणि बराच वेळ पाहिलं. मग कित्येक दिवसांनी पहिलं वाक्य बोलल्या, "एवढ्याशा संडासात माणूस कसा बसत असन जी?"

काकाजी दुसऱ्या दिवशी चुना घेऊन आले.

मग रोज सकाळी काकींची खाट बांधावर येऊ लागली. लहान बोटीत पलंगापासून पुढच्या टोकापर्यंतच्या वाटेला काकाजींनी दोन्हीकडून बांबू बांधले होते. बोट अरुंद, म्हणून जाताना आणि येताना, दोन्ही वेळा उजव्या हाताला आधार. काकी बोट पाहायला म्हणून उठल्या. पहिल्या दिवशी दोन पावलं, संक्रांतीपर्यंत अकरा. बसल्या की नावं ठेवायच्या. एकदा म्हणाल्या, "तुमच्या सैपाकखोलीत म्हैस बसली जी." खरंच बसली होती. काकाजींनी तिला दारातून बाहेर काढलं.

त्या दोघांचं भांडणही तिथलंच. काकींना मोठी हवी होती. "पोरगी आली पुण्याहून, तं तिले कुठी निजवाल?"

"ते येते काय कधी?"

"जागा असन तं येन."

काकाजी लहानीवर अडून होते. मी एकदा कारण विचारलं. काकी ऐकणार नाहीत एवढं लांब नेऊन ते म्हणाले, "मोठीत ते त्या टोकाले पडली तं मले आयकू नाही येणार, बाबू." आणि लगेच टेप गुंडाळायला लागले.

एका सकाळी काकींनी माझा हात धरला आणि मोठी बोट चालून दाखवली. पूर्ण. टोकाला उभ्या राहून, धापा टाकत म्हणाल्या, "इथं पोरगी निजन." काकाजी लहान बोटीच्या दारात उभे होते. दुसऱ्या दिवशी मोठीलाही बांबू लागले.

फाल्गुनात काकींना दुसरा झटका आला आणि त्या गेल्या. मुलगी आली, तीन दिवस राहिली, गेली.

मला वाटलं होतं, आता चुना बंद होईल. पण काकाजी सकाळी उठून दोन्ही बोटींच्या पुसट रेघा पुन्हा भरत राहिले. मी रविवारी गेलो, की मागच्या दारानेच आत जायचो.

अशाच एका रविवारी गोव्याच्या त्या बोटींच्या दलालाचा फोन आला. काकाजी कधीच बोट घेणार नाहीत हे त्याला केव्हाच कळलं असावं, पण तरी तो त्यांचा फोन उचलायचा. दोन्हीतलं काही विकलं तर आधी सांगा, असं काकाजींनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. त्यांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. लहान बोटीला गिऱ्हाईक मिळालं होतं. निवृत्त माणूस, एकटाच राहणार बोटीवर.

काकाजींनी बांबूंमधल्या त्या अरुंद वाटेकडे पाहिलं.

"साथ में कोईच नहीं?"

"कोई नहीं, अंकल. छोटी बोट है, अकेले के लिए सही है."

"मत दो, साहब," काकाजी म्हणाले. "अकेले आदमी को मत दो. अंदर में लय जगा है उसके."