गुलाबमामांची बसकी गाडी

आमच्या गल्लीत गुलाबमामा फक्त एकीलाच 'अहो' म्हणायचे, आणि ती म्हणजे त्यांची गाडी. बाकी आम्ही सगळे 'ए'. मी सात वर्षं त्यांचा शेजारी, जालना एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये फिटर, दोन लेकरांचा बाप. पण माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे. "ए फिटर" एवढीच हाक. गाडीला मात्र रोज सकाळी इंजिन चालू करून, "अहो, उठा आता. दिवस वर आला."

गाडी खरंच उठायची. परदेशी, लांबलचक, एकेकाळी एका शेठची. तिला स्प्रिंगाच नव्हत्या, चारही चाकांवर ती तेलाच्या दाबानं उभी राहायची, त्यामुळे खड्ड्यातही आत बसलेल्याला धक्का लागायचा नाही. बंद असली की पोट टेकून बसलेली, चालू केली की आधी मागून, मग पुढून वर यायची, म्हशीसारखी. मामांनी चोवीस वर्षं ती शेठसाठी चालवली. ती कुरकुरायला लागल्यावर शेठनं नवी घेतली आणि ही मामांना बक्षीस दिली. शेठच्या डोक्यावरची बला टळली आणि माझ्या दारासमोर येऊन बसली.

तिचं तेल माझ्या ओट्यापर्यंत यायचं. बायकोनं सडा टाकला की त्यावर हिरवा तवंग. एकदा मी भांडायलाच गेलो. म्हटलं, "मामा, तुमची गाडी गळते."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "गळतंय ते तुझं छप्पर. गाडीला घाम आल्ता."

बरं, एवढं बोलून रविवारी पुन्हा हाक ठरलेली. "ए फिटर, पाने घिऊन ये." मी गाडीखाली, केसांत तेल, पाठीला खडे, आणि हे उपड्या बादलीवर बसून हुकूम सोडणार. मामांची बायको वारलेली, गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. मी खाली शिरण्याआधी चार लाकडी ओंडके गाडीखाली सरकवायला लावायचे. मला वाटायचं, चला, माझी काळजी तरी आहे. तर म्हणाले, "दाब गेला तर तुझी पोळी व्हईल. मंग गाडी कोन बघंल?" सात वर्षांत चहा विचारला नाही या माणसानं.

त्यांची एकुलती एक लेक, शोभा, आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला दिलेली. तिची दोन बाळंतपणं वाया गेली होती. तिसऱ्या वेळी सातवा महिना लागला आणि डॉक्टरांनी सांगितलं, जालन्याला दवाखान्याजवळ आणून ठेवा, पण वाटेत एक धक्का बसायला नको. तेव्हाचा टेंभुर्णीचा रस्ता ज्यानं पाहिलाय, त्याला हे ऐकून हसूच येईल. जावई म्हणाले, जीप करतो. मामांनी उलटा निरोप धाडला, "जीप दारात आली तर टायर फाडीन. रईवारी मी येतो."

गुरुवारी गाडी पुरती उठलीच नाही. पुढून वर आली, मागून बसलेलीच. मी खाली शिरून पाहिलं. मागच्या चाकाकडे जाणारी पेन्सिलीएवढी बारीक पोलादी नळी, ती तिला धरणाऱ्या पट्टीखाली ओल धरून गंजली होती आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकातून तेल उडत होतं. मी म्हटलं, नळी नवीन करावी लागेल, शनिवारपर्यंत थांबा.

थांबतील तर ते गुलाबमामा कसले. दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर असताना त्यांनी नाक्यावरचा कुणी मेकॅनिक धरून आणला. त्यानं गंजलेला तुकडा कापून मधे रबरी पाइप घातला, दोन क्लिपा आवळल्या आणि गेला. संध्याकाळी मी आलो तर मामा ऐटीत उभे. "झालं काम. तुझ्यावाचून काय अडलं?" गाडी चालू केली. मागची बाजू वीतभर वर आली आणि रबर फाटलं. सगळं तेल माझ्या अंगावर, धुतलेल्या शर्टावर.

मग मात्र माझंही डोकं फिरलं. सात वर्षांचं साचलेलं होतं. भर गल्लीत ओरडलो, "मामा, ह्याच तेलावर हिचे ब्रेक बी आहेत. हे वाटेत फाटलं असतं तर? धक्क्याचं सोडा, पोरगीच गेली असती तुमची."

लोक दारात आले. आता मामा माझ्या सात पिढ्यांची उजळणी करणार, म्हणून मी तयारीतच होतो. ते बादलीवर बसले. "मंग तू कर ना बराबर," म्हणाले. "दुसरं कोन हाय मला?"

माझा राग गेला नव्हता, उगाच खोटं कशाला बोलू. पण शनिवारी सकाळी सुपरवायझरला विचारून मिलमधून पोलादी नळी आणली. तारेनं जुन्या नळीचं माप घेऊन तशीच वाकवली, दोन्ही टोकं फुलवून नट बसवले, तेल भरलं, हवा काढली. गाडी उठली. मग कुठं गळतंय का बघायला नळीजवळून कोरडा पुठ्ठा फिरवायचा. हात लावायचा नाही, एवढ्या दाबाची धार कातडीत घुसते. मामांनी तो पुठ्ठा माझ्या हातातून ओढला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी स्वतः जमिनीवर आडवे झाले. अर्धा तास तसेच बघत होते. "कोरडा हाय," म्हणाले. शाबासकी एवढीच.

रविवारी मला न विचारता तेलाचा डबा मांडीवर देऊन पुढं बसवलं. जाताना मामा सगळ्या वाटेनं तडकलेले. बैलगाडीवर, ट्रकवर, ठेकेदारावर. "रस्ता केलाय का नांगरलाय?" मी मांडीवरचा डबा सांभाळत कान किटवून घेतले.

टेंभुर्णीला शोभा सासूचा हात धरून बाहेर आली. मी उतरून बाजूला झालो, तशी तिनं थेट पुढचंच दार धरलं.

"मागं बस," मामा म्हणाले.

"नको अण्णा. म्होरंच बरी."

"मागं पाय पसरता येतेत."

ती सासूकडे वळून हसली. "मागच्या शीटवर एकदा बसले होते मी, सात वर्षांची असताना. शेठच्या दारात हीच गाडी उभी होती. अण्णांनी दंडाला धरून बाहेर ओढलं आन् अशी थोबाडीत दिली, दोन दिवस गाल सुजल्ता."

सासू हसल्या, मीही हसलो. मामा मागचं दार उघडून धरून उभे होते.

"शेठ बघून राह्यलाता," ते म्हणाले. "तो नसता तर मारलं नसतं."

या माणसानं कुणाला कशाचं कारण दिल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. शोभाचं हसू थांबलं. ती वळसा घालून आली आणि मागं बसली, सीटच्या अगदी कडेला. सासू तिच्याशेजारी बसल्या. मामांनी आवाज न करता दार लावलं, पुढं येऊन स्टेअरिंगवर हात ठेवला, पण गाडी सोडली नाही. आरशात बघत राहिले.

"टेकून बस, बाई," ते म्हणाले. "आता कोनी उठवत न्हाई."